गोधडी, बोहारीण आणि चिंधीची बाहुली

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी घरी बोलले, आणि लिहिलं ते फक्त पेपरापुरतं. त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. आपल्या मासिकात दरवर्षी रोबोट, सौरऊर्जा आणि यशाची गुरुकिल्ली यांवर लेख येतात. ते यायलाच हवेत. पण मला ज्या विषयावर लिहायचंय तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कॉटवर, नाहीतर कॉटखालच्या ट्रंकेत आहे. गोधडी!

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर येताना आजीने एक गोधडी बांधून दिली होती. मी ती ट्रंकेच्या तळाशी घातली आणि बाजारातून आणलेलं फुलाफुलांचं ब्लँकेट पांघरायला काढलं. रूममेट काय म्हणतील, हीच एक भीती. डिसेंबरात एका रात्री थंडी इतकी वाढली की ब्लँकेट पुरेना. बारा वाजता गुपचूप ट्रंक उघडली आणि गोधडी ओढून घेतली. सकाळी बघते तर समोरच्या कॉटवरही गोधडी! तिनेही माझ्यासारखीच तीन महिने लपवून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

हसणं झालं, पण प्रश्न राहिला. जी वस्तू इतकी कामाची आहे तिची लाज का वाटली? त्याचं उत्तर शोधताना मी थोडा अभ्यास केला, थोडं आजीकडून शिकले. या लेखात वापरलेलं कापड कसं ओळखायचं, गोधडी कशी शिवायची, टाका कसा धरतो आणि चिंधीची बाहुली कशी करायची ते बघू. माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, कारण त्या चुकीमुळेच मी सुई हातात धरली.

एका डब्यापायी

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या कडेला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. आपल्यातले बरेच जण तिथे फोटो काढून आलेत. आजीचं पहिलं घरही त्याच पाण्यात आहे, पण त्याचा काही कळस वर येत नाही. त्या घरातून आलेल्या वस्तू आता थोड्याच उरल्यात. एक तांब्याचा हंडा, एक पाटा आणि आजोबांची दोन धोतरं.

सेकंड इयरच्या दिवाळीत मी घर आवरायला घेतलं. दारात बोहारीण आली. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं बोचकं. आई शिवणाच्या मापासाठी शेजारी गेली होती. मी कपाटातले जुने कपडे काढले, घासाघीस केली आणि झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा मिळवला. मला फारच हुशार झाल्यासारखं वाटलं!

संध्याकाळी आजीने कपाट उघडलं. आजोबांची धोतरं त्या गठ्ठ्यात गेली होती. माझ्या ताईला दुसरं बाळ होणार होतं, त्याच्या दुपट्याला आणि गोधडीला म्हणून आजीने ती धुऊन, घडी करून ठेवली होती. नवं कापड बाळाला टोचतं. शंभरदा धुतलेलं धोतर सायीसारखं मऊ असतं. आजी एवढंच म्हणाली, "गेलं तर गेलं. कापडच हाय ते." पण रोज जेवणानंतर ओसरीवर गप्पा मारत बसणारी आजी त्या दिवशी सरळ आत जाऊन झोपली.

पुढच्या आठवड्यात मी बाजारात त्या बाईला गाठलं. ती म्हणाली, "ताई, ते कापड तवाच पुढं गेलं." तिचा काहीच दोष नव्हता. तिचा तोच धंदा आहे. चांगला कपडा धुऊन, उसवलेला असेल तर शिवून, इस्त्री करून पुन्हा विकला जातो. अगदीच फाटका असेल तर गॅरेजमध्ये हात पुसायला जातो. आपण आज ज्याला 'रिसायकलिंग' म्हणून सेमिनारमध्ये पॉवरपॉइंट दाखवतो, ते या बाया पाटी डोक्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात.

इतिहासाच्या पुस्तकातल्या पानिपतमध्येही आज हेच काम कारखान्यात चालतं. देशोदेशीचे जुने लोकरी कपडे तिथे येतात, ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेट होतात. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेली 'गूंज' ही संस्था शहरातले जुने कपडे गोळा करून, निवडून, दुरुस्त करून गावागावांत पोचवते. म्हणजे जुनं कापड ही टाकायची गोष्ट नाही. फक्त कुठलं द्यायचं आणि कुठलं ठेवायचं, हे घरात विचारलं पाहिजे. मी विचारलं नाही, ती माझी चूक.

जुन्या कापडाचा मान

आपल्या भागात कापडाला मान आहे. आषाढीच्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की काटेवाडीत परीट समाजाची मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ज्यांनी गावाचे कपडे धुतले त्यांच्या हातची ही सेवा. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) याच समाजातले. अंगावर चिंध्यांची गोधडी असायची म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणायचे. आणि मला मात्र हॉस्टेलमध्ये गोधडीची लाज!

आता थोडा हिशोब. जगाची सरासरी धरली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं असं पाण्याचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे पाव किलोच्या एका शर्टाला २,५०० लिटर. बारामती-इंदापुरात हा आकडा कुणाला समजावून सांगायला नको. कालव्याच्या खाली ऊस आणि वरच्या जिरायत गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट, हे आपण बघतोच. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुनं कापड वापरलं म्हणून पाणी आपोआप वाचत नाही. त्यामुळे एखादी नवी खरेदी टळली, तरच वाचतं. गोधडी शिवली आणि वर नवं ब्लँकेटही घेतलं, तर हिशोब जमत नाही.

कापड ओळखा

गेल्या मे महिन्यात मी आजीला म्हटलं, "मला गोधडी शिकव." तिने आधी माझ्याकडे नीट बघितलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा ओवता येत नाही. ती म्हणाली, "तू वव, मी सांगते." आमचं कॉलेज असं सुरू झालं.

पहिला धडा कापडाचा. घाम शोषून घेतं आणि धुऊन मऊ होतं ते सुती. आजकालच्या पुष्कळ साड्या आणि शर्ट पॉलिस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. त्यांची वरची बाजू केली तर गोधडी सुळसुळते, अंगावरून घसरते आणि घाम तसाच राहतो. ओळखायची साधी रीत म्हणजे कडेचा एकच धागा काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि हाताला मऊ राख लागते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. (हा प्रयोग पाण्याची वाटी जवळ ठेवून, मोकळ्या जागेत करा. हॉस्टेलच्या खोलीत नको, रेक्टर मॅडम मलाच बोलावतील!)

गोधडी शिवायची रीत

१. कपडे सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. बटणं, हुक, चेन काढून एका डबीत ठेवा, ती पुढे लागतात. जाड शिवणी उसवून टाका, नाहीतर सुई अडते.

२. जमीन झाडून त्यावर एक चांगलं लुगडं किंवा साडी पसरा. ही खालची बाजू. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा म्हणजे कापड ताणलेलं राहतं.

३. त्यावर शर्ट, पायजमे, चादरी यांचे सपाट तुकडे फरशी बसवल्यासारखे मांडा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. विटांच्या भिंतीत जसा सांधा मोडतात तसंच इथे. असे तीन-चार थर पुरेत. मिश्र धाग्याचं कापड असेल तर ते मधल्या थरात घाला.

४. वरून दुसरी साडी पसरून सगळ्या थरांतून लांब लांब कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली तर मधले तुकडे गोळा होतात आणि गोधडीत ढेकळं तयार होतात.

५. आता कडेने धावदोरा सुरू करा आणि चौकटीत चौकट घेत मध्यापर्यंत या. ओळींत एक बोट अंतर. दोरा मेणावरून ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही. बोटात अंगुस्तान घाला. मी घातलं नाही, त्यामुळे चार दिवस लिहिता येत नव्हतं.

६. शेवटी कच्चे टाके काढा, कडा दुमडून पक्क्या करा.

मी इंजिनिअरिंगची असल्याने मला हिशोब केल्याशिवाय चैन पडेना. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी म्हणजे २४ चौरस फूट. ओळींत एक इंच अंतर धरलं तर ओळींची एकूण लांबी २८८ फूट, म्हणजे जवळजवळ ८८ मीटर. इंचाला चार टाके धरले तर १३,८२४ टाके! हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मोजत बसू नगं. मोजलं की हात थांबतो." मी हिशोबाची वही मिटली आणि खरंच ओळ भराभर पुढे गेली.

ऊब कुठून येते?

थर्ड इयरला हीट ट्रान्सफर शिकताना गोधडी आठवली. ऊब कापसापेक्षा जास्त देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, म्हणजे फारच कमी. एकावर एक थर म्हणजे एकामागून एक जोडलेले रेझिस्टन्स, त्यांची बेरीज होते. टाके फार विरळ घातले तर थर सरकतात. फार दाट घातले तर हवा दबून जाते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. आजीचं 'एक बोट अंतर' या दोन्हींच्या मधलं आहे. गोधडी दमट झाली की थंड का लागते तेही कळलं. पाण्याची वाहकता साधारण ०.६, हवेच्या वीसपटीहून जास्त. म्हणून आजी सारखी म्हणते, गोधडीला ऊन दाखवा.

टाका धरतो कसा?

शाळेत आम्हाला हस्तकलेच्या तासाला रुमालावर साखळी टाक्याची फुलं काढायला लावायचे. फुलं छान यायची, पण शर्टाचं बटण लावायला कुणी शिकवलं नाही. साखळी टाका किती धरतो ते मला खताच्या पोत्याने शिकवलं. पोत्याचं तोंड साखळी टाक्याने शिवलेलं असतं. बरोबर टोक सापडलं की दोरा सर्रकन निघतो आणि पोतं उघडतं. तिथे ती सोय आहे, पण पँटची शिवण अशी असेल तर भर प्रॅक्टिकलला पंचाईत!

आईच्या मशीनचा टाका वेगळा. तो दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईतून आणि खालचा बॉबीनमधून येतो. सुई खाली जाऊन किंचित वर उठली की दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबीनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीची शिवण एकदम उसवत नाही. या साऱ्याचं मूळ एका छोट्या बदलात आहे. हातसुईचं नाक मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी! अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली अशा सुईच्या, दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट घेतलं. १८५१ साली आयझॅक सिंगरने सुधारलेल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि पुढे ते घराघरांत गेलं.

पायमशीनचं पायडल आणि मोठं चाक म्हणजे आपल्या थिअरी ऑफ मशीन्समधली क्रँक-रॉकर यंत्रणा. पायडल झुलतं, चाक फिरतं. सुरुवातीला आई हाताने वरच्या चाकाला झटका का देते, हे मला डेड सेंटर शिकल्यावर समजलं. व्हायवाला मी हेच उदाहरण दिलं आणि सर खूश झाले. पण या मशीनने मला मार्कांपेक्षा बरंच जास्त दिलंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाबांचं काम बंद होतं तेव्हा आई याच मशीनवर रात्री मास्क शिवत होती. माझ्या फीमध्ये तिच्या ब्लाऊजांची आणि फॉल-बिडिंगची कितीतरी शिलाई आहे.

आपल्या बारामतीच्या एमआयडीसीतल्या टेक्स्टाइल पार्कमध्येही आसपासच्या गावांतल्या बाया मशीनवर काम करतात. २००५ साली केंद्र सरकारने आणलेल्या टेक्स्टाइल पार्क योजनेतला तो एक पार्क. शिवणाच्या कारखान्यात एकीने कॉलर, दुसरीने बाही अशी लाइन असते. कापड कापायच्या आधी सगळे भाग कमी जागेत बसवून आखतात. त्याला मार्कर म्हणतात. कितीही नीट आखलं तरी साधारण दहा-पंधरा टक्के कापड कातरणात जातंच. घरच्या शिवणातही तसंच. आईच्या मशीनखाली कातरणाची एक पिशवी कायम भरलेली असते. आणि त्या पिशवीतूनच बाहुली निघते!

चिंधीची बाहुली

आमच्या आज्यांच्या लहानपणी बाहुल्या विकत आणायची पद्धत फारशी नव्हती. लाकडाची ठकी असली तर असली, नाहीतर चिंधीची बाहुली. उन्हाळ्यात बाहुला-बाहुलीचं लग्न लागायचं आणि त्यात खरोखरचं जेवण असायचं. अमेरिकेतही चिंध्यांच्या बाहुल्या होत्याच. तिथे १९१५ साली 'रॅगेडी ॲन' नावाच्या बाहुलीचं पेटंट घेतलं गेलं. बार्बी आली ती १९५९ मध्ये. ताईच्या चार वर्षांच्या मुलीसाठी मी आजीच्या हाताखाली एक बाहुली केली. रीत अशी.

१. हातरुमालाएवढा पांढरा सुती तुकडा घ्या. मधोमध लिंबाएवढा चिंध्यांचा गोळा ठेवून कापड गोळा करा आणि खाली दोऱ्याने घट्ट बांधा. हे डोकं.

२. सहा इंच लांब चिंधीची सुरळी करा. ती मानेखाली आडवी ठेवून दोरा फुलीसारखा फिरवून बांधा. हे हात.

३. खाली लोंबणाऱ्या कापडात कातरण भरा, कमरेशी बांधा आणि तळ शिवून टाका.

४. डोळे काळ्या दोऱ्याच्या टाक्यांचेच करा. लहान मुलांसाठी मणी किंवा बटणं लावू नका, ती निघून तोंडात जातात.

५. काळ्या लोकरीचे केस भांगाच्या रेषेवर शिवा आणि वेणी घाला. जुन्या साडीच्या काठाची पट्टी नेसवली की बाहुली तयार.

माझी पहिली बाहुली जरा वाकडी झाली. एक डोळा मोठा, एक लहान. भाची म्हणाली, "मावशी, ही डोळा मारते!" तिच्याकडे बोलणारी, गाणारी महागाची बाहुली आहे, पण सेल संपल्यापासून ती गप्पच आहे. ही मात्र रोज आंघोळीला जाते, उन्हात वाळते आणि एकदा पोट उसवलं तेव्हा भाचीने स्वतः पट्टी बांधून दवाखानाही केला. वस्तू आपल्याला उघडता आणि दुरुस्त करता आली की ती आपली होते, हे मला वर्कशॉपपेक्षा तिच्याकडून जास्त कळलं.

हॉस्टेलसाठी

प्रत्येक खोलीत एक डबी ठेवा. दोन सुया, काळा-पांढरा दोरा, छोटी कात्री, जुनी बटणं. बटण लावताना त्यावर एक काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढून बटण वर ओढा, खाली दोऱ्याचे तीन वेढे द्या आणि गाठ मारा. बटणाला मान मिळते आणि ते लवकर तुटत नाही. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. ॲप्रनचं बटण तुटलं की सेफ्टी पिन लावून फिरणारे बरेच जण मी बघितलेत! मेसच्या मावशींना विचारा, त्यांतल्या कितीतरी जणी सुंदर गोधड्या शिवतात. आपण कधी विचारलंच नाही.

शेवटी आमच्या गोधडीविषयी. बाळाची गोधडी जूनमध्ये पूर्ण झाली. आजोबांचं धोतर तिच्यात नाही, ती जागा आता कधी भरून येणार नाही. थर मांडताना आजीने माझा शाळेचा जुना पिनाफोर पुढे केला. मी म्हटलं, "आजी, हे टेरिकॉट आहे, चालणार नाही." ती म्हणाली, "मधी चालतंय. तुजं बी काय तरी असू दे त्यात." मी तो उसवला, सपाट केला आणि मधल्या थरात घातला. वरून दिसत नाही, पण आहे.

सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाट आवरायच्या आधी आजीला नक्की विचारा. आणि थंडी सुरू झालीच आहे, तेव्हा ट्रंकेतल्या गोधड्या बाहेर काढा. यंदा माझी पहिल्या दिवसापासून कॉटवरच आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह